एक कॉम्प्युटर, तीन प्लॉटर

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या असतात, खरवडणं-रंगवणं चालू असतं, आणि रंग वाळला रे वाळला की मालकाला बोटीचं नाव हवं असतं. दोन्ही बाजूंना, शिवाय नोंदणी क्रमांक. ते आटपतंय तोवर गणपती येतात: मंडळांचे मजकूर, गाड्यांच्या काचांवर ‘मोरया’, होम-स्टेच्या पाट्या. मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत कुठल्याही रेडियमच्या दुकानात या दिवसांत एक चोवीस इंची प्लॉटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून ब्लेडने रेडियमचा चिकट माल कापणारी मशीन, पुरत नाही. दुसरा घेतला जातो. तिसरा कुणीतरी धंदा बदलताना विकायला काढलेला, स्वस्तात मिळतो. (नंबर प्लेटचं काम तेवढं हातचं गेलं. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटीच लागते, तिथे रेडियमला जागा नाही.)

मग प्रत्येक प्लॉटरला वेगळा कॉम्प्युटर घ्यायचा का? नको. तीन काय, चार कटिंग प्लॉटरही एका साध्या डेस्कटॉपवर आरामात चालतात. ताकद कमी पडत नाही. घोळ होतो तो ओळखीचा. कुठली वायर कुठल्या मशीनची, हे कॉम्प्युटरला आणि दुकानातल्या पोराला कायम एकच ठाऊक असायला हवं, वीज जाऊन आली तरी. पांढऱ्या रोलवर जायची फाइल लाल रिफ्लेक्टिव्हवर गेली की काय होतं ते सांगायला नको.

डेटा किती लागतो

प्लॉटरला कॉम्प्युटरकडून हवं असतं ते अगदी थोडं. बहुतेक मशीन एचपीजीएल समजतात. ह्युलेट-पॅकार्डने १९७० च्या दशकात पेन प्लॉटरसाठी काढलेली ही भाषा. पेन वर, पेन खाली, इथून तिथे जा, एवढंच ती बोलते. अंतर मोजायचं एकक म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग, ०.०२५ मिमी. एका बिंदूचा पत्ता लिहायला साधारण दहा अक्षरं लागतात.

आता हिशेब बघा. स्वस्त मशीनचा सीरियल वेग बहुतेक वेळा ९६०० बॉडवर (म्हणजे सेकंदाला ९६०० बिटवर) लावलेला येतो. आठ डेटा बिट, एक स्टार्ट, एक स्टॉप, म्हणजे एका अक्षराला दहा बिट. सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे साधारण ९६ बिंदू. वळणदार अक्षरात दर अर्ध्या मिलिमीटरला एक बिंदू असेल तर सेकंदाला ४८ मिमीपेक्षा जास्त कापलं जाणारच नाही. पॅनलवर ४०० लावा नाहीतर ८००. मशीनचा बफर (आलेला डेटा तात्पुरता साठवायची जागा) रिकामा झाला की ती वळणावर ठेचकाळत चालते, आणि जिथे ब्लेड क्षणभर थांबतं तिथे कडेला बारीक खडा उठतो. लोक ब्लेड बदलतात, स्पीड कमी करतात. बॉड वाढवून बघा: ३८४०० वर हाच आकडा १९२ मिमीवर जातो. मशीनच्या मेनूत आणि सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे एकच आकडा हवा. नाहीतर मशीन गप्प बसते किंवा वेडेवाकडे फराटे मारते.

प्रत्येक मशीनचा पोर्ट वेगळा असल्याने हा वेग तिघांत वाटला जात नाही. तिन्ही ३८४०० वर एकदम चालल्या तरी मिळून सेकंदाला १,१५,२०० बिट. यूएसबीचा जुना फुल-स्पीड वेगही सेकंदाला १ कोटी २० लाख बिट असतो. त्यामुळे ‘दुसरी मशीन लावली म्हणून पहिली स्लो झाली’ ही तक्रार ऐकली की हबकडे (एका यूएसबी भोकाची अनेक भोकं करणारा डबा), केबलकडे किंवा नोडने, म्हणजे रेषेवरच्या बिंदूंनी, भरलेल्या फाइलकडे बघायचं. कॉम्प्युटरकडे नाही.

पोर्ट पक्के करणं

मशीनच्या मागे यूएसबीचं भोक दिसतं म्हणून ती खरी यूएसबी मशीन, असं नसतं. रोलँड, ग्राफटेकसारख्या मशीन आपला ड्रायव्हर घेऊन येतात आणि बहुधा प्रिंटरसारख्या दिसतात. स्वस्तातल्या मशीनमध्ये मात्र आत एक यूएसबी-सीरियल चिप बसवलेली असते: सीएच३४०, पीएल२३०३ किंवा एफटी२३२. विंडोज त्यांना कॉम पोर्ट म्हणून नंबर देतं. सगळी मेख या नंबरात आहे.

सीएच३४० च्या बहुतेक चिपना स्वतःचा सीरियल नंबर नसतो. मग विंडोज ओळखतं ते भोकावरून. केबल मागच्या भोकातून काढून पुढच्यात घातली की विंडोजच्या दृष्टीने ते नवंच यंत्र, त्याला नवा कॉम नंबर. सहा महिने अशी काढघाल झाली की आकडा कॉम १२, कॉम १४ वर जातो. कितीतरी जुन्या कटिंग सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम ८ किंवा ९ च्या पुढचे पोर्ट दिसतच नाहीत, आणि ‘मशीन डिटेक्ट होत नाही’ म्हणून टेक्निशियनला फोन जातो.

एफटी२३२ बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीची अस्सल चिप वेगळी. तिच्यात सीरियल नंबर कोरलेला असतो, त्यामुळे कुठल्याही भोकात घाला, कॉम नंबर तोच राहतो. दोन-तीन मशीन चालवायच्या असतील तर अडॅप्टरवर थोडे पैसे जास्त घालून हीच चिप घ्यावी. फक्त नकली मालापासून सांभाळून. नकली एफटी२३२ मध्ये कित्येकदा सगळ्या चिपचा सीरियल नंबर एकच असतो. असे दोन अडॅप्टर एका कॉम्प्युटरला लावले की एक चालतो, दुसरा रुसतो. एकेकटे लावले तर दोन्ही ठणठणीत. कंपनीच्या एफटी-प्रोग या सॉफ्टवेअरने नंबर बदलता येतो.

पीएल२३०३ ची तऱ्हा तिसरीच. नवा ड्रायव्हर जुन्या आणि नकली चिपना मुद्दाम नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १० दिसला की चिप मेली असं समजू नका. ‘अपडेट ड्रायव्हर’मधून यादीतला जुना ड्रायव्हर निवडला की ती चालते. पण विंडोज अपडेट एखाद्या रात्री पुन्हा नवा टाकून जातं. आमच्या मते असल्या अडॅप्टरशी भांडत बसण्यात अर्थ नाही, बदलून टाकावा.

पोर्ट पक्के करायची रीत अशी. सगळ्या मशीनच्या केबल काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ चालू करा आणि पोर्ट्सखाली फिकट दिसणारे जुने कॉम पोर्ट एकेक करून अनइन्स्टॉल करा. हे भूतकाळातले पोर्टच नंबर अडवून बसलेले असतात. मग एकच मशीन लावा. नवा पोर्ट उगवेल. त्याच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन त्याला कॉम ३ द्या. केबलच्या दोन्ही टोकांना, मशीनला आणि कॉम्प्युटरच्या भोकाशेजारी ‘१’ चिकटवा. प्लॉटर आपलाच आहे, आकडे कापायला कितीसा वेळ. मग दुसरी मशीन, कॉम ४. तिसरी, कॉम ५. दुसरी लावताना पहिली काढायची नाही.

नंतर तिन्हींची परीक्षा. ब्लेड होल्डर काढून पेन लावा आणि रोलऐवजी जुन्या कॅलेंडरचा कागद घाला. प्रत्येक मशीनसाठी एक छोटी फाइल करून ठेवा: ५० मिमीचा चौकोन, आत त्या मशीनचा आकडा. तिन्ही फाइली एकामागोमाग सोडा. पहिल्या मशीनच्या कागदावर १, दुसरीच्या २, तिसरीच्या ३ आला पाहिजे. मग कॉम्प्युटर पूर्ण बंद करून चालू करा आणि पुन्हा तेच. मग मशीन उलट्या क्रमाने चालू करा आणि पुन्हा एकदा. तिन्ही वेळा आकडे जागच्या जागी आले तरच रोल चढवायचा. या फाइली डेस्कटॉपवरच राहू द्या. वीज जाऊन आल्यावर एक मिनिटात खात्री होते.

हब लागतोच असं नाही. डेस्कटॉपच्या पाठीमागची, थेट मदरबोर्डवरची भोकं सगळ्यांत भरवशाची. हब लावायचाच तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. बिनअडॅप्टरच्या हबमध्ये एका भोकाची ५०० मिलिअँपिअर सगळ्यांत वाटली जाते. केबल ५ मीटरच्या आत ठेवा; त्यापुढे यूएसबी प्रमाणात बसत नाही. मशीन लांबच्या खोलीत असेल तर यूएसबी ताणण्याऐवजी सीरियल केबल न्या, ९६०० बॉडवर ती १५ मीटरपर्यंत सहज जाते. किंवा सीरियल-टू-इथरनेट डिव्हाइस सर्व्हर बसवा. तो महाग पडतो, पण नेटवर्क केबल १०० मीटर जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असल्याने कॉम्प्युटर आणि प्लॉटर विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून सुटे राहतात. याचं महत्त्व पुढे अर्थिंगपाशी कळेल.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, स्लीप बंद. दोन मीटरचं नाव कापून होत असताना कॉम्प्युटर झोपी गेला की ते नाव पुन्हा पहिल्यापासून.

फ्लो कंट्रोल

सुरुवात छान, पाच-सात अक्षरं स्वच्छ, आणि मग एकदम पानभर तिरकी रेघ. हे दिसलं की दहातल्या नऊ वेळा फ्लो कंट्रोल जुळलेलं नसतं. मशीनचा बफर भरला की तिने ‘थांब’ म्हणायचं आणि कॉम्प्युटरने ऐकायचं, असा हा करार. हार्डवेअर पद्धतीत हा निरोप आरटीएस-सीटीएस या वेगळ्या तारांवरून जातो. एक्सऑन-एक्सऑफ पद्धतीत डेटाच्याच तारेवरून, १७ आणि १९ नंबरच्या अक्षरांनी. मशीन एका पद्धतीवर आणि सॉफ्टवेअर दुसऱ्यावर असेल तर ‘थांब’ कुणी ऐकतच नाही, जास्तीचे बिंदू सांडतात, आणि ब्लेड राहिलेल्या बिंदूंमधून सरळ रेघ ओढत जातं.

यूएसबी अडॅप्टर वापरत असाल तर हार्डवेअर पद्धतच बरी. एक्सऑफ कॉम्प्युटरपर्यंत पोचेतो अडॅप्टरच्या पोटातला माल पुढे निघून गेलेला असतो. पण हार्डवेअर पद्धतीला पूर्ण तारांची केबल लागते. बाजारात तीनच तारा जोडलेल्या सीरियल केबलही मिळतात आणि बाहेरून फरक कळत नाही. मल्टिमीटर लावून सातव्या-आठव्या पिनेला दुसऱ्या टोकाला कंटिन्युइटी आहे का ते बघा.

छोट्या कामात हा दोष लपून राहतो, कारण सगळी फाइल बफरमध्ये मावते. म्हणून मशीन घेताना विकणाऱ्याने एक ‘श्री’ कापून दाखवला तर त्यावर जाऊ नका. दोन मीटर लांब, बारीक अक्षरांचा मजकूर कापायला सांगा.

सॉफ्टवेअरचं काय

कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमचा. साइनमास्टर या कटिंग सॉफ्टवेअरने कॉम ३ उघडून ठेवला असेल तर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या प्लग-इनला तो मिळणार नाही, ‘पोर्ट बिझी’ येईल. दोन प्रोग्रॅम, दोन मशीन, दोन पोर्ट असं असेल तर काहीच अडचण नाही. पहिलीकडे डेटा जात असताना दुसरीला खुशाल पाठवा.

फ्लेक्सी या कटिंग सॉफ्टवेअरच्या प्रॉडक्शन मॅनेजरमध्ये प्रत्येक मशीनचा वेगळा सेटअप करता येतो आणि रांगा वेगळ्या चालतात. किती मशीन जोडता येतील हे तुमच्याकडची आवृत्ती कुठली यावर. विकत घेण्याआधी विचारा. मशीनबरोबर सीडीत येणारी सॉफ्टवेअर बहुधा एकाच मशीनचा विचार करून केलेली असतात, पोर्ट दर वेळी हाताने बदलावा लागतो आणि चुका तिथेच होतात. इंकस्केप फुकट आहे आणि त्याच्या प्लॉट एक्स्टेन्शनमधून थेट सीरियल पोर्टवर एचपीजीएल जातं, बॉड आणि फ्लो कंट्रोल निवडता येतं. फक्त डेटा जाऊन संपेपर्यंत ती खिडकी अडकून राहते.

कमी खर्चाचा आणि आमच्या आवडीचा उपाय म्हणजे डेस्कटॉपवर तीन बॅच फाइली. कोरलमधून पीएलटी फाइल (एचपीजीएलमध्ये लिहिलेलं काम) काढायची. बॅच फाइलीत दोनच ओळी: पहिलीत ‘मोड’ कमांडने त्या पोर्टचा बॉड, पॅरिटी आणि सीटीएस हँडशेक लावायचा, दुसरीत ‘कॉपी’ कमांडने फाइल बायनरी म्हणून पोर्टवर ढकलायची. तिन्ही आयकॉनची नावं ‘१ पांढरा-काळा’, ‘२ रंगीत’, ‘३ रिफ्लेक्टिव्ह’. पीएलटी फाइल उचलून आयकॉनवर सोडली की ती त्या मशीनला गेली. प्रत्येकाची खिडकी वेगळी, कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि नव्या पोराला शिकवायला पाच मिनिटं लागतात. पोर्टचा आकडा ९ च्या वर असेल तर ‘कॉपी’च्या ओळीत कॉमच्या आधी दोन उलट्या रेघा, टिंब आणि पुन्हा एक उलटी रेघ लागते. आधीच कॉम ३, ४, ५ दिलेले असल्याने तुम्हाला ती वेळ येणार नाही.

हा मार्ग एकतर्फी आहे एवढं ध्यानात ठेवा. छापलेल्या स्टिकरच्या कडेने कापायचं असेल, म्हणजे आंब्याच्या पेटीवरची गोल लेबलं वगैरे, तर मशीन खुणा वाचून कॉम्प्युटरला उत्तर देते. त्या कामाला मशीनचं स्वतःचं सॉफ्टवेअरच हवं.

तिन्ही मशीन एकसारखं कापत नाहीत

हे सगळ्यांत उशिरा लक्षात येतं, बहुधा बोट पाण्यात गेल्यावर. एकाच फाइलचे दोन तुकडे दोन मशीनवर कापले तर मापं जुळत नाहीत. रोलरचा व्यास, झीज, पट्ट्याचा ताण प्रत्येकीचा वेगळा.

मोजायचं असं: ज्या मालावर काम करायचं त्याच मालावर ५०० बाय ५०० मिमीचा चौकोन कापा. कागदावर नको, कारण रोलरची पकड मालागणिक बदलते. स्टीलच्या पट्टीने दोन्ही बाजू मोजा. शिंप्याच्या टेपने मोजलेलं मोजण्यात धरू नका. समजा रोलच्या दिशेने ४९८.५ भरलं. ५०० भागिले ४९८.५ म्हणजे १.००३. हा गुणक त्या मशीनच्या त्या दिशेला, मशीनच्या मेनूत किंवा तिच्या सेटअपमध्ये टाका. दीड मिलिमीटरने काय होतं म्हणाल, तर २४०० मिमीच्या नावावर तो ७ मिमी होतो. अक्षरं दोन रंगांत, खाली लाल आणि वर पांढरी असतील, तर लाल कड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला गायब.

५०० ऐवजी ५०८ किंवा ४९२ भरलं तर मशीनला हात लावू नका. ती सॉफ्टवेअरची चूक आहे. एचपीजीएलचे इंचाला १०१६ भाग असतात. कुठेतरी १००० निवडलं गेलंय. कोरलमधून पीएलटी काढताना हा आकडा विचारला जातो.

एवढं करूनही आमचा नियम: बोटीच्या दोन्ही बाजूंची नावं एकाच मशीनवर, एकाच रोलवर, लागोपाठ कापावीत. काम वाटायचं तर बोटीबोटींत वाटा, एका बोटीत नको.

ब्लेडच्या दाबाचंही तेच. साध्या ८० मायक्रॉनच्या रेडियमला ४५ अंशाचं ब्लेड, ०.२५ मिमी ऑफसेट (ब्लेडचं टोक मध्यापासून जितकं सरकलेलं असतं ते अंतर) आणि ८० ते १२० ग्रॅम दाब ही सुरुवात म्हणून ठीक. पण एका मशीनचे १०० ग्रॅम म्हणजे दुसरीचे १०० ग्रॅम नव्हेत. प्रत्येकीवर छोटा त्रिकोण कापून, सोलून बघा: लायनरवर (मालामागच्या आधाराच्या थरावर) ब्लेडची रेघ दिसली पाहिजे, पण लायनर उलटा करून बोट फिरवलं तर काही लागता कामा नये. रिफ्लेक्टिव्ह माल जाड आणि ब्लेड खाणारा. त्याला ६० अंशाचं ब्लेड आणि शक्यतो कायमची वेगळी मशीन. दर तासाला ब्लेड आणि दाब बदलत बसलात तर तीन मशीनचा फायदा तिथेच संपला.

शिरोरेषेचा घोटाळा

मराठी मजकुरात एक जास्तीची पायरी आहे, आणि इंग्रजीतल्या ट्यूटोरियलमध्ये ती सापडत नाही. आपली अक्षरं शिरोरेषेने एकमेकांवर चढलेली असतात. ‘सागरकन्या’ टाइप करून तसंच कापायला पाठवलं तर प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी कापली जाते. स आणि त्याचा काना जिथे मिळतात तिथे शिरोरेषेला उभा छेद जातो, न्याच्या जोडाक्षरात आतल्या आत चिरा पडतात. स्क्रीनवर सगळं काळं भरलेलं दिसतं म्हणून कळत नाही. सोलताना शिरोरेषेचे तुकडे हातात येतात.

म्हणून आधी कर्व्ह करायचं, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करायच्या, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, मग पूर्ण शब्द निवडून वेल्ड, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच बाह्यरेषा. वेल्ड झाल्यावर वायरफ्रेममध्ये (रंग न भरता नुसत्या रेषा दिसतात तिथे) बघा. शिरोरेषा सलग एकच दिसली पाहिजे. शब्दाशब्दाने वेल्ड करा, पूर्ण परिच्छेद एकदम नको. कर्व्ह केल्याचा दुसरा फायदा असा की फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली तरी फॉन्टचा प्रश्न उरत नाही. ट्रेस केलेल्या सुलेखनात नोड ढिगाने असतात, ते कमी करूनच पाठवा. वरचा ९६ बिंदूंचा हिशेब इथेच भोवतो.

जांभा, ओल आणि खारा वारा

प्लॉटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. कॉम्प्युटर आणि प्लॉटरच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर अर्थिंग नसताना बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत ठेवतात. करंट बारीक असतो, माणसाला नुसता चटका. पण यूएसबी केबल अशा दोन बॉड्या एकमेकींना जोडते. एक मशीन असताना हे खपून जातं. तीन मशीन तीन वेगवेगळ्या बोर्डांवर असल्या की केबल लावता-काढता पोर्ट हँग होतो, कधी कायमचा जातो.

कोकणात याला आणखी एक कारण आहे. जांभ्याच्या सड्यावर अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात छान लागतो आणि एप्रिल-मेमध्ये कोरडाठाक पडतो, कोरडा जांभा वीज जमिनीत जाऊ देत नाही. खड्ड्यात कोळसा-मीठ आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, ५ ओमच्या आत असेल तर उत्तम. आणि कॉम्प्युटर, मॉनिटर, तिन्ही प्लॉटर एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर. न्यूट्रलला अर्थ जोडून ‘काम चालवणारे’ मिस्त्री असतात. त्यांना चहा पाजून परत पाठवा.

वळवाच्या पावसाआधी गडगडायला लागलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग आणि यूएसबी दोन्ही काढा. परत लावताना केबल आपापल्या आकड्याच्या भोकात.

यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर ठेवायची पद्धत इथे उलटी पडते. वीज गेली की प्लॉटर बंद, कॉम्प्युटर मात्र चालू आणि फाइल अर्धवट. वीज आली की मशीनचा ओरिजिन (काम सुरू केलेला बिंदू) पुसलेला असतो आणि उरलेला डेटा भलत्या जागी कापला जातो. चोवीस इंची प्लॉटर फार वीज खात नाही, साधारण १०० वॉटच्या आत. तीन प्लॉटर आणि एक डेस्कटॉप मिळून १ केव्हीएच्या यूपीएसवर काही मिनिटं निघतात, हातातलं काम संपवायला तेवढी पुरतात.

ओलीचा त्रास मालाला होतो. कागदी लायनर पाणी ओढतो, कडेला लाटा येतात, आणि लांब कामात रोल तिरका सरकतो. दुसऱ्या दिवशीचा रोल आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणून ठेवा. कापण्याआधी जेवढी लांबी लागणार तेवढा माल एकदा पुढे-मागे फिरवून घ्या, म्हणजे रोलरचे दात बसतात आणि तिरका जाणारा माल आधीच कळतो. दाबाची चाकं कडेपासून एक-दोन सेंटिमीटर आत. उरलेले रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसकट, भिंतीला टेकवून नव्हे.

खाऱ्या वाऱ्याने यूएसबीच्या पिनांवर हिरवट थर चढतो. महिन्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. दातेरी रोलरला कोरडा ब्रश. तेल अजिबात नको, माल घसरतो.

पावसाळ्यात स्थिर विजेचा त्रास नसतो, हवेतली ओलच ती घालवते. एसीच्या खोलीत किंवा जानेवारीच्या कोरड्या सकाळी मात्र प्लॅस्टिक लायनरचा रोल भराभर सोडवताना ठिणगी पडते आणि मशीन मध्येच ‘डिस्कनेक्ट’ होते. दोन्ही टोकांना फेराइटचा मणी असलेली केबल आणि रोल आधीच सोडवून ठेवणं, एवढ्याने बहुधा भागतं.

कापणं सोपं, सोलणं उरतं

तीन मशीन म्हणजे तिप्पट सोलणं. बारीक अक्षरांच्या कामात एका मशीनने अर्ध्या तासात कापलेलं सोलायला एका माणसाला त्याहून जास्त वेळ लागतो. तीन मशीन आणि एक सोलणारा असेल तर तिसरी मशीन नुसती टेबल अडवते. ओल्या हवेत कापून ठेवलेला माल फार दिवस पडू देऊ नका, कापलेल्या कडांचा गोंद पुन्हा एकमेकांना धरतो.

एक कॉम्प्युटर बिघडला तर तिन्ही मशीन बसतात, हा या व्यवस्थेचा खरा तोटा. म्हणून एक जुना लॅपटॉप तयार ठेवावा: ड्रायव्हर टाकलेले, बॅच फाइली उतरवलेल्या, पोर्टचे नंबर तेच दिलेले. मशीनला पेनड्राइव्हचं भोक असेल तर पीएलटी फाइल पेनड्राइव्हवरून थेट कापता येते का, ते आजच बघून ठेवा. भिंतीवर एक तक्ता: मशीन १, कॉम ३, ३८४००, हार्डवेअर, गुणक आडवा आणि उभा, पांढऱ्याचा दाब, रिफ्लेक्टिव्हचा दाब. दुसरी ओळ मशीन २ ची, तिसरी ३ ची. पेन्सिलने लिहा, ब्लेड बदललं की दाबाचा आकडा बदलतो.

आणि खणात एक जादा अडॅप्टर, मशीनवर आहे त्याच चिपचा. तो लावल्यावर विंडोज त्याला आपल्या मनाने कॉम ६ किंवा ७ देणार. जुना काढून टाका, फिकट दिसणारा पोर्ट अनइन्स्टॉल करा, नव्याला जुना नंबर द्या, कॅलेंडरच्या कागदावर आकडा उमटवून बघा, मग ब्लेड लावा.